धुरांड्याची जीप

कळंबोलीच्या लोखंड बाजारात गंज, धूळ आणि डिझेलचा धूर हवा तेवढा मिळायचा. पाणी मात्र टँकरचं, तेही दिवसाआड. अशा ठिकाणी एखाद्याने आपल्या जीपला खोल पाण्यात श्वास घ्यायला नळी बसवून ठेवावी, याला लोक वेडच म्हणणार. लोक फारसे चुकत नव्हते, असं कृष्णातला स्वतःलाही अधूनमधून वाटायचं.

कृष्णात साताऱ्याकडचा, कोयनाकाठच्या गावचा. पंधरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता. सुटून आल्यावर लिलावात फौजेचीच एक जुनी पेट्रोल जीप घेतली आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांची माणसं न्यायची, सळयांचे नमुने पोचवायचे, असली कामं धरली. बोनेटच्या बाजूने निघून काचेच्या चौकटीला टेकून वर गेलेली ती नळी बघून ट्रकवाले विचारायचे, "काय फौजी, चुलीवर चालते का गाडी?" तेव्हापासून तिचं नाव धुरांड्याची जीप पडलं. खरं तर त्या नळीतून धूर कधी निघतच नव्हता, इंजिन तिच्यातून हवा आत घ्यायचं. पण हे समजावणं कृष्णातने पहिल्या महिन्यातच सोडून दिलं. गाढवापुढे वाचली गीता.

दुपारी बाजार सुस्तावला की तो गाडीत बसून डोळे अर्धवट मिटायचा. पत्र्यांच्या शेडवरून उन्हाची झळ उठायची, समोरचा डांबरी रस्ता हलायला लागायचा, आणि बघता बघता त्याचं पाणी व्हायचं. हिरवं, संथ, बोनेटला हळूच भिडणारं पाणी. मग त्याला फौजेतल्या उस्तादाचा आवाज ऐकू यायचा. पाणी बघून गाडी घालायची नाही, पाणी चालून बघायचं आणि मग घालायची. आधी आपला पाय, मग गाडीचं चाक. आत गेलास की माणसाच्या चालीने जा. थांबू नको, गिअर बदलू नको. गाडीपुढे एक लाट उठते, ती आपली असते, तिला न मोडता तिच्या मागोमाग जायचं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर किल्लीला हात लावायचा नाही, कारण पाणी प्यालेलं इंजिन फिरवलं की ते आपली हाडं आपणच मोडून घेतं. आणि शेवटचं, उस्ताद बोट नाचवून सांगायचा ते: ज्याला पाण्यात जायची फार हौस आलीय, त्याने त्या दिवशी जाऊ नये.

"अहो, झोपेत पाय हलवता तुमी," त्याची बायको वेणूबाई एकदा म्हणाली. "क्लच दाबता का काय?"

"क्लच न्हाई," कृष्णात गंभीरपणे म्हणाला. "पाण्यात क्लच दाबायचा नसतो."

वेणूबाईने कपाळावर हात मारला. दहा वर्षांत जीपने डबक्यापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

त्या नळीला न हसलेलं पहिलं माणूस म्हणजे बायजाबाई. खाडीकाठच्या शेवाळपाड्याची कोळीण. दर मंगळवारी डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन कळंबोलीत यायची. वेणूबाई बोंबील घ्यायची, आणि त्या निमित्ताने दोघींची अर्धा तास तरी बैठक व्हायची. एकदा बायजाबाईने जीपभोवती एक फेरी मारली, नळीला बोट लावलं आणि म्हणाली, "पान्यात नाक वर ठेवतंय व्हय तुझं जनावर?"

कृष्णात इतका खूश झाला, की त्या दिवशी त्याने तिला टोपलीसकट पाड्यापर्यंत सोडलं.

चैत्र पौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी ती आली, ती टोपली न उतरवताच बोलायला लागली. तिचा नवरा धर्मा गेली दोन वर्षं मोरा बंदरात मुलाला, नामाला, हाताशी घेऊन होडी बांधत होता. दिवाळीत त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळीत गेली. होडी नामाने पुरी केली. ती आता पौर्णिमेला पाण्यात उतरणार होती, पाऊण वाजता, भरती पूर्ण भरेल तेव्हा. चैत्रातलं हे उधाण सरलं की तेवढं पाणी पुन्हा थेट पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात नवी होडी कोण उतरवतं? डॉक्टर म्हणाला होता, दुसरा झटका कधीही येईल. त्यात त्यांच्या घराची रीत अशी, की ज्याने होडीला पहिला खिळा मारला त्यानेच तिच्यावर नारळ फोडायचा. पहिला खिळा धर्माचा होता.

"नामा बोलतो, मी फोडतो नारल, बाबाला कशाला दगदग," बायजाबाई म्हणाली. "म्हातारा बोलत न्हाय, पन डोल्यानं बोलतो रं. ती होडी त्याच्याबिगर पान्यात गेली ना, तर तो तिकडंच संपंल. पाड्यातल्या समद्या होड्या पहाटेलाच मोऱ्याला जानार. ओहोटीच्या चिखलातनं लुळ्या मानसाला होडीपातूर न्यायचं कसं? तू ये, बाला. नऊला ये."

"आलोच समजा, मावशी," कृष्णात म्हणाला.

पौर्णिमेच्या दिवशी बरोबर नऊला तो शेवाळपाड्यात पोचला. उरणच्या मोठ्या रस्त्यावरून डावीकडे फुटलेला, अडीचशे पावलांचा एक खडीचा रस्ता खाजणाच्या दलदलीतून पाड्यात जायचा. दोन्ही बाजूंना जुनी, पडीक मिठागरं, आणि बांधावर खाडीचं पाणी अडवणारा लाकडी दरवाजा, ज्याला तिथली माणसं उघाडी म्हणतात. उघाडी कुजून अर्धी झाली होती. कृष्णातने ती पाहिली आणि पुढे गेला. रस्ता कोरडा ठणठणीत होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

पाडा रिकामा होता. आठ घरं, वाळत घातलेली जाळी, आणि एक कोंबडा, जो कुणी नसताना मालकासारखा हिंडत होता. धर्मा ओटीवर बसला होता. रुंद खांद्यांचा, पण एका बाजूने खचलेला. डोळे मात्र लख्ख. बायजाबाई त्याची दाढी करत होती. मग अंघोळ, मग लाल टोपी, मग नवा सदरा, त्याची लुळी बाही चढवायलाच दहा मिनिटं. तिने एकदा घाईने दाराबाहेर पाहिलं, तर कृष्णातच म्हणाला, "सावकाश होऊ द्या मावशी. पाऊस ना पाणी, तासाभरात मोऱ्यात असू."

आता इथे गंमत बघा. बायजाबाईला वाटलं, हा फौजेतला पाण्याचा माणूस, हा म्हणतोय म्हणजे वेळ आहे. कृष्णातला वाटलं, ही खाडीतली बाई, घाई असती तर तिनेच केली असती. दोघेही शहाणे, आणि दोघांनी आपापलं शहाणपण दुसऱ्याच्या भरवशावर खुंटीला टांगून ठेवलं. बायजाबाई टोपी नीट करता करता जुन्या गोष्टी सांगत बसली. मिठागराच्या बैलगाड्यांसाठी हा रस्ता बांधला तेव्हा धर्मा वीस वर्षांचा होता, डोक्यावरून दगड वाहून त्यानेच टाकले होते. लग्न ठरलं ते त्या मजुरीच्या जोरावर. धर्मा ते ऐकून डाव्या ओठाने हसला.

सव्वादहाला जीप पाड्याबाहेर आली आणि कृष्णातने ब्रेक दाबला. समोर रस्ता नव्हता.

रस्ता होता तिथे आभाळ होतं. निळं, स्वच्छ, एकही सुरकुती नसलेलं, आणि त्यात दोन बगळे उलटे उभे होते. मिठागरं, बांध, वाट, सगळं त्या निळ्याखाली गेलं होतं. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो आभाळाच्या काठावरून गेल्यासारखा दिसला. कुठे आवाज नाही. कृष्णातला क्षणभर वाटलं, आपण कळंबोलीतच आहोत, शेडच्या सावलीत, डोळे मिटून.

"ह्ये कुठनं आलं?" त्याने विचारलं.

"खाडीतनं. कुठनं येनार?"

"आवं पण पाऊस न्हाई, काय न्हाई..."

"पावसाचा काय संबंद? आज पुनव हाय. उघाडी मोडल्यापास्नं मोठ्या भरतीला पानी येतंच वाटंवर. पन आज जरा लवकरच आलं." मग तिच्या आवाजातला धीर सुटला. "मला वाटलं तुला ठाव हाय."

कोयनेचं पाणी कृष्णातला कळत होतं. ते वरून यायचं, गढूळ रंग घेऊन, झाडंझुडपं घेऊन, गर्जना करत, चार गावांना सांगून. हे खालून आलं होतं. बशीत कुणी चहा ओतावा तसं, न बोलता, काठोकाठ. आणि ते अजून वाढत होतं. त्याच्या पुढच्या चाकापासून एका हातावर असलेली धार बोलता बोलता टायरला लागली.

शेजारी बसलेला धर्मा समोर बघत होता. त्याच्या मांडीवर नारळ होता आणि डावा हात नारळावर. तो काही मागत नव्हता, आणि तेच कृष्णातला सोसेना. ज्या पाण्याने तिकडे होडी उचलली जाणार, त्याच पाण्याने इकडे वाट बुडवली होती. उतरायची वाट बघावी तर दुपारचे तीन वाजणार.

"होडी एकबी न्हाय," बायजाबाई म्हणाली. "चालत जावं तर त्याला कोन उचलनार?"

दहा वर्षं ज्याची स्वप्नं पाहिली ते समोर होतं, आणि कृष्णातला हौस आली होती. उस्तादाचं बोट त्याच्या डोळ्यांपुढे नाचलं. हौस बाजूला ठेव, त्याने स्वतःला बजावलं, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला.

पाणी कोमट होतं. पायाखाली खडी लागत होती, घट्ट. पावलं मोजत तो पुढे गेला. तीस पावलांवर पोटऱ्या, साठवर गुडघे, शंभरवर मांड्या. ओढ होती, पण हलकी, उजवीकडून डावीकडे. एकशेवीस पावलांवर पुढचा रस्ता कुठे वळतो हे कळेना. चहूकडे तेच निळं. पायाजवळून एक मासा सुळकन गेला. त्याने मागे पाहिलं. काठावरून बायजाबाई ओरडली, "ये मागं! पुढचं माज्या पायाखालचं हाय. येल चाललीय!"

पुढची एकशेतीस पावलं चालायची बाकी होती. कृष्णातने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तो मागे फिरला. उस्तादाचा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदाच अर्धा पाळला.

मग त्याचे हात भराभर चालायला लागले. पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा पाणी उडवून इंजिनवर मारणार नाही. ठिणगीच्या तारांवर ग्रीस थापून वरून सायकलची जुनी ट्यूब करकचून बांधली. धुराच्या नळीला मागे रबरी पाइप जोडून तो छतापर्यंत उभा केला. पुढच्या जाळीवर ताडपत्री आवळली. इंजिन तोवर निवलं होतं. तेही हवंच, तापलेल्या लोखंडाला गार पाणी लागलं की ते आत शोषून घेतं. धर्मा हे सगळं एकटक बघत होता, जसा एक कारागीर दुसऱ्याकडे बघतो.

बायजाबाईने लुगड्याचा काचा कसला, घरातून लांब बांबू आणला आणि न विचारता पुढच्या मडगार्डवर चढून बसली. "मी पानी बघते. मी हात करीन तिकडं घे."

चारही चाकांना जोर, छोटा गिअर, पहिला. कृष्णातने क्लच सोडला आणि पाय बाजूला घेतला. जीप पाण्यात उतरली.

आणि मग किती सुंदर होतं ते! गाडीपुढे एक गोल लाट उठली, काचेसारखी, आणि जीप तिच्या मागोमाग माणसाच्या चालीने निघाली. उलटे बगळे मोडले आणि पुन्हा जुळले. चाकांचा आवाज बुडाला, इंजिनचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा असल्यासारखा दुरून यायला लागला. पाणी दारातून आत येऊन पायांवर फिरलं. ज्याला सगळा बाजार हसला होता त्या नळीतून जीप वरची कोरडी हवा ओढत होती. कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं. यात लाजण्यासारखं काही नाही, दहा वर्षांनी आपलं काम करायला मिळालं की कुणाच्याही डोळ्यांत येतं.

शंभर पावलं. एकशेवीस. चालून बघितलेलं पाणी संपलं.

पुढे बायजाबाई बांबू टेकत होती. बांबू लवकर टेकला की तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि खोल गेला की चेहरा उजळायचा. कृष्णातने हे पाहिलं, पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही. त्या रस्त्याने चाळीस वर्षं ती टोपली घेऊन चालली होती. पण आता ती चालत नव्हती. ती पुढे लाट उठवणाऱ्या एका वस्तूच्या तोंडावर बसली होती, हातात बांबू घेऊन, आणि पाय रस्ता विसरले होते, हातांना होडी आठवली होती. होडीवाल्याला उथळ पाण्याचं भय, खोल पाण्याचा भरवसा. आयुष्यभर तिने नवऱ्याला जे दाखवलं तेच ती दाखवत होती. तिने डावा हात ठामपणे बाहेर काढला. डावीकडे.

कृष्णातने स्टिअरिंगचं चाक डावीकडे वळवायला घेतलं.

तोच धर्मा त्याच्या अंगावर कोसळला. दुसरा झटका, कृष्णातच्या मनात आलं. पण धर्माने सगळं धड आडवं टाकून डाव्या हाताने चाक धरलं होतं, आणि ते डावीकडे जाऊ देत नव्हतं. त्याच्या घशातून घरघर निघत होती. बाहेर बायजाबाई हात हलवून ओरडत होती, "डावीकडं! डावीकडं घे रं!" पुढचं डावं चाक कशावरून तरी घसरलं, जीप कलली, पाणी बोनेटवर चढून बायजाबाईच्या कमरेला लागलं.

थांबायचं नाही. थांबून विचार करायची सोय नाही. एकीकडे बांबू टेकून बघणारी शाबूत बाई, दुसरीकडे अर्धं अंग गेलेला, न बोलणारा म्हातारा. कृष्णातने धर्माच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत भीती नव्हती, राग होता. आपलं काम कुणी बिघडवत असलं की येतो तसला राग. या रस्त्याचे दगड याने टाकलेत, कृष्णातला आठवलं. याच्या डोक्यावरून गेलेत ते.

त्याने चाकावरचा आपला जोर काढून घेतला आणि धर्माच्या हाताबरोबर ते उजवीकडे जाऊ दिलं. पायाचा दाब होता तसाच ठेवला, कमी नाही, जास्त नाही. इंजिनचा आवाज घोगरा झाला. डावं चाक एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं, मग त्याला कडेचा दगड सापडला आणि जीप गुरासारखी अंग झटकून वर आली. खाली खडी. बायजाबाई पदराने तोंड पुसत शिव्या देत होती. धर्माचा हात चाकावरच होता. पाणी दारापर्यंत आलं, पायऱ्यांपर्यंत आलं, मग चाकांचा आवाज परत आला, आणि समोर उरणचा रस्ता होता.

कृष्णातने मागे वळून पाहिलं. आता पाणी निवळलं होतं आणि ऊन माथ्यावर आलं होतं, त्यामुळे दिसत होतं. जिथे जीप कलली तिथून डावीकडे हिरवं पाणी एकदम काळं होत होतं. खाडीचा फाटा. हत्ती बुडाला असता.

बायजाबाईलाही ते दिसलं. ती खाली उतरली, बांबूकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे. "आगं बया," ती हळूच म्हणाली. "होडीवानी नेला मी तुला. तिगांनाबी घालवलं असतं मी."

"चूक माजी हाय, मावशी," कृष्णात म्हणाला. "मी पुरतं चाललोच न्हाई."

धर्मा तेवढा शांत होता. नारळ पायाशी लोळत होता, तो त्याने डाव्या हाताने उचलून पुन्हा मांडीवर घेतला.

पट्टा चढवला, तेल तपासलं. दुधासारखं पांढरं झालं नव्हतं, म्हणजे पाणी आत गेलं नव्हतं. अर्धा किलोमीटर ब्रेकवर पाय टेकवत ते वाळवले आणि मग मोरा बंदर गाठलं. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

धक्क्याच्या बाजूच्या दगडी उतरणीवर नवी होडी ओंडक्यांवर उभी होती. तिचा तळ पाण्यात होता, तोंड समुद्राकडे, कमरेइतक्या पाण्यात. दोर धरून माणसं थांबली होती. नामा, तिशीचा गडी, बापाला बघून धावत आला. त्याने चौघांना हाक मारली. "उचला बाबाला, खांद्यावर घ्या."

धर्माने मान हलवली. नाही.

"बाबा, पानी फिरंल आता!"

पुन्हा नाही. बायजाबाईने नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नामाकडे वळली. "चौघांच्या खांद्यावरनं जायाला अजून येल हाय, असं बोलतो तो. कृष्णात, तुझं जनावर नेशील व्हय तिकडं?"

धक्क्यावरून गलका झाला. चल फौजी, घे लवकर, वीस मिनिटं राहिलीत! कृष्णातने पट्टा काढला, पाइप उभा केला, आणि मग खाली उतरून पाण्यात चालायला लागला. लोक ओरडत होते. तो होडीच्या तोंडापर्यंत चालला. तिथून मोठा वळसा घेऊन, जिथून बाहेर यायचं त्या वाटेने, परत काठापर्यंत चालला. सावकाश, एकेक पाऊल दाबून. वाटेत त्याच्या पायाला गाळात रुतलेला एक गंजका नांगर लागला, ज्याच्या टोकावर टायर फाटून गेला असता. तिथे त्याने नामाला उभं केलं. "हितनं हलायचं न्हाई." सात मिनिटं गेली. त्या सात मिनिटांत त्याला जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या फौजेतही बसल्या नव्हत्या.

बायजाबाई बांबू घेऊन पुढे बसली. या वेळी बांबू टेकला की ती हात करायची. "हिकडं. जमीन हाय." दर वेळी हात आधी खोल पाण्याकडे निघायचा, आणि ती तो मागे ओढून उथळाकडे न्यायची.

जीप होडीच्या तोंडाशी, एका बाजूला आली. लाकडाला ताज्या तेलाचा वास होता. धर्माने नारळ उचलला, तसा दोरावरचा एक म्हातारा पुटपुटला, "डाव्या हातानं?"

"त्याचा आता ह्योच उजवा," बायजाबाई म्हणाली.

नारळ एका फटक्यात फुटला. दोर सुटले, ओंडके कुरकुरले, आणि होडी पाण्यावर आली. आली म्हणजे कशी, तर जड वस्तू एकाएकी जड राहिली नाही. तिच्या लाटेने जीपला खालून उचललं. एका श्वासापुरती चाकं जमिनीवरून सुटली आणि जीपही तरंगली. उस्ताद याच क्षणाला सगळ्यात जास्त भ्यायचा. कृष्णात भ्याला नाही. चाकं पुन्हा अलगद टेकली. धर्मा होडीकडे बघत होता, नामा नांगरापाशी उभा राहून रडत होता, आणि होडी पुढे पुढे चालली होती. तिच्या सुकाणूवर आता धर्मा कधीच बसणार नव्हता. हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही.

पाणी फिरायच्या आत बाहेर निघायला हवं होतं. कृष्णातने चाक धरलं, आणि पाहतो तर चाकावर धर्माचा डावा हात आधीच होता. म्हातारा त्याच्याकडे बघत होता, आणि या वेळी तो मागत होता.

"घ्या, काका," कृष्णात म्हणाला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पाय तेवढा कामाला ठेवला.

धर्माने वळसा घेतला. नामाच्या बाजूने, चालून बघितलेल्या पाण्यातून, पण अगदी मोठा, हळूहळू, जितका मोठा घेता येईल तितका. पुढे ती गोल लाट, मागे फेसाची वाकडी रेघ. बायजाबाईने मागे वळून काचेतून नवऱ्याचा हात पाहिला. तिने बांबू पाण्यातून वर घेतला, मांडीवर आडवा ठेवला, आणि पुढे तोंड करून नुसती बसली. धक्क्यावरचा गलका थांबला होता. काठ आला, चाकं दगडांवर चढली, पाणी दारांतून ओघळून गेलं, तरी धर्माने चाक सोडलं नाही, आणि कृष्णातने ते मागितलं नाही.